पाण्यातलं की प्लेटमधलं

२७ सप्टेंबर, शनिवार

आज परत गोळीबार. शिंदे हवालदार (मिलिटरीतून रिटायर, आमच्या भिंगारचेच) कंपनीच्या मागच्या लांब खोलीत रायफल लोखंडी घोडीवर आवळतात, समोर मातीच्या मोठ्या गोळ्यावर आपली सिरॅमिकची प्लेट बांधतात, सगळ्यांना बाहेर हाकलतात आणि लांबून चाप ओढतात. कानात कापूस घातला तरी पोटात हादरा बसतो. प्लेट फुटली, मागे माती थोडी दबली, बस. हेच पाहिजे. प्लेटनं फुटायचं, मातीला भोक पडू द्यायचं नाही. जॅकेट घातल्यावर मातीच्या जागी माणूस असतो.

मला हा आवाज आवडतो. कुणाला सांगत नाही. सासूबाईंशी सकाळी वाजलं की ऑफिसात गोळीबार असावा असं वाटतं.

जगताप साहेब (मॅनेजर) बघायला आलेल्या लोकांना म्हणाले, "छातीठोक सांगतो, असा माल दुसरीकडं मिळणार नाही." हा माणूस सगळं छातीठोकच सांगतो. ठोकायला काय जातंय, छाती दुसऱ्याची.

२९ सप्टेंबर, सोमवार

पोलिसांच्या जॅकेटांचा लॉट सुरू. दिवसभर टाकीपाशी उभी. पाय सुजले.

हमीदभाई प्रेसवर पावडर दाबतात, सं. भट्टीत भाजतो, मी तपासते. म्हणजे नवऱ्याच्या हातचं रोज माझ्यापुढं उघडं पडतं. प्लेट पाण्यात ठेवायची, वरून प्रोब फिरतो, आवाज सोडतो आणि परत आलेला ऐकतो. आतून सलग असेल तर स्क्रीनवर सगळं निळं. आत कुठं पोकळ असेल तर तिथून आवाज लवकर माघारी येतो आणि लाल डाग उमटतो. बाहेरून प्लेट कितीही गुळगुळीत असू दे. पोरं याला सोनोग्राफी म्हणतात. दारावर कुणीतरी कागद चिकटवलाय, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' मी तो काढला नाही, उलट चिकटपट्टी नवीन लावली.

आज सगळं निळं. दुपारी सं. डोकावून गेला. "काय, पास का न्हाई पोरगं?" म्हटलं, पास. शीळ घालत गेला. चांगला असतो तेव्हा फार चांगला असतो.

३० सप्टेंबर

जगतापनं भट्टीची वेळ कमी करायला लावली. माल दिवाळीआधी पोचवायचाय. भट्टी भराभर तापवायची, भराभर थंड करायची. मी सं.ला जेवताना म्हटलं, असं चालतं का? तर म्हणे, "साहेब म्हनला काय हुत न्हाई. तू तुझं बघ." बघतेच आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळपासून मशिनी धुणं, पुसणं, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. हमीदभाईंनी पेढे वाटले, दरवर्षी तेच वाटतात. माझ्या टाकीलापण माळ घातली. तोपर्यंत ठीक.

मग सं.ला चेव आला. नारळ टाकीच्या स्टँडवर आपटला आणि सगळं पाणी टाकीत ओतलं. वर चिमूटभर कुंकू. मी ओरडले, अहो त्यात काही टाकायचं नसतं. तो सगळ्यांकडं बघून म्हणाला, "वर्षाचा सन हाय. तिला पन तहान लागती." सगळे खदाखदा हसले. जगतापसुद्धा. मीपण हसले शेवटी. काय करणार, नारळ निघाला गोड.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. आपट्याची पानं, श्रीखंड, सं.ची मावशी. बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लाल. पहिलीच प्लेट लाल. मग मधल्या दोन-चार निळ्या, मग परत लाल. बरोबर मध्ये, छातीच्या जागी, तळहाताएवढा डाग.

आजूबाजूला पोरं जमली. कोण म्हणालं माहीत नाही, "कुंकू उतरलं स्क्रीनवर." झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या कंपनीत तेच. वैशालीताईंच्या मशीनला कुंकू लागलं. जगताप आला, बघितलं, म्हणाला, "मॅडम, पूजेचं पाणी आहे हे. दिसतंय की लालभडक." मी सांगितलं, लाल रंग कॉम्प्युटर देतो, मी उद्या हिरवा लावला तर काय म्हणणार, कढीपत्ता? त्याला ते आवडलं नाही.

खरं सांगायचं तर मलापण शंका आली. नारळाच्या पाण्याचा फेस, बारीक बुडबुडे प्लेटला चिकटले तरी डाग येतो. म्हणून टाकी रिकामी केली, घासली, नवीन पाणी भरलं, निवळायला ठेवलं. सं. लांबून बघत होता. मदतीला आला नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

स्वच्छ पाणी. प्लेट कापडानं पुसून आत. लाल, त्याच जागी.

मग प्लेट टाकीत वीतभर बाजूला सरकवून ठेवली. डाग प्लेटबरोबर सरकला. म्हणजे पाण्यातलं नाही, प्लेटमधलं. हे पाचवीतल्या पोराला कळेल. जगतापला कळलं नाही. कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. म्हणाला, "पाणी बदललं तरी मशीनला बाधलंय ते. छातीठोक सांगतो, माल चांगला आहे. पास करा."

मी म्हटलं, मग घाला छातीवर. शिंदे हवालदारांना बोलावते.

त्यानं स्टुलाला लाथ घातली. स्टूल माझ्या नडगीवर आलं. मी हातातलं ओलं फडकं त्याच्या टेबलावर आपटलं, ते नेमकं त्याच्या चहात. चहा शर्टावर. पोरं भिंतीला लागून उभी, कुणी हसलं नाही.

सह्या माझ्या लागतात. तपासणीचं सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय पोलिसांकडं माल उतरत नाही. नवीन माणूस आणायचा तर दिवाळी जाईल. एवढंच त्याचं दुखणं.

संध्याकाळी घरी. सं. चपला न काढताच आत आला. "माझी भट्टी बदनाम करती व्हय? गावात तोंड दाखवू का नको?" मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, भट्टी तुम्ही जाळली तशीच मी बघितली, मी काही डाग रंगवायला बसले नव्हते. त्यानं मारली. उजव्या गालावर, पूर्ण हातानं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मी उलथणं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तापलेलं होतं. भुवई फुटली, रक्त पिठात पडलं. म्हटलं, "परत हात लाव, बघ." सतरा वर्षांत मीपण त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं. सासूबाई मध्ये पडल्या, "लई झालं, लई झालं," दोघांना दोन हातांनी लोटत. त्यांचा हात माझ्या छातीवर जास्त जोरात होता.

५ ऑक्टोबर, रविवार

गाल सुजलाय. त्याला भुवईवर टाके. शेजारी त्यानं सांगितलं, गाडीवरून पडलो. मला विचारलं तर मी म्हटलं, मीच पाडलं.

माहेरी पारनेरला फोन केला नाही. भाऊ काठी घेऊन पहिल्या एसटीनं येईल आणि मग सगळ्यांचंच वाटोळं. राग इतका आहे की भांडी घासताना स्टीलचा पेला चेपला. हात उचलला हे मी विसरणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोजागिरीच्या दुधात विरघळायचं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

मी कुणाला विचारलं नाही. लाल डागाची एक प्लेट उचलली आणि शिंदे हवालदारांकडं गेले. म्हटलं, काका, ही मारून द्या. ते म्हणाले, "साहेबांची चिठ्ठी?" म्हटलं, साहेब छातीठोक सांगतात माल चांगला आहे, मग चिठ्ठी कशाला. त्यांनी माझ्या गालाकडं बघितलं. बांधली प्लेट.

चाप ओढला. या वेळी आवाज वेगळा. आत गेले तर प्लेटच्या ठिकऱ्या आणि मातीत भोक. मी बोट घातलं, मग हात. मनगटापर्यंत गेला. गोळी कुठं थांबली ते हाताला लागलंच नाही. शिंदेंनी टोपी काढली आणि परत घातली. नुसतंच म्हणाले, "फुफ्फुस गेलं."

आवाजानं सं. आला होता, हमीदभाईपण. सं.नं मातीतलं भोक बघितलं. मग म्हणाला, "एकच हाय."

जगताप नंतर आला आणि तेच म्हणाला. "एका प्लेटनं काय ठरतं, मॅडम? बाकीच्या पास करा." मी म्हटलं, बाकीच्या पण मारू. तर म्हणे, कंपनी काय फोडायला काढली आहे का? खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतः घेऊन गेला. शिंदेंना घरी पाठवलं.

सं.नं खाली वाकून ठिकऱ्या रुमालात गोळा केल्या. मला वाटलं पुरावा लपवतोय. त्याच्या अंगावर धावून जाणार होते, हमीदभाई म्हणाले, "वैशालीताई, राहू द्या. बघू द्या त्याला."

दूध आटवलं नाही. सासूबाईंनी एकटीनं देवाला दाखवलं, साधंच.

७ ऑक्टोबर

सकाळी सं. ओट्यावर बसलेला, पुढं रुमाल पसरून. एकेक ठिकरी उन्हात धरून कडेनं बघत होता. एक मोठा तुकडा घेतला, छिन्नी लावली आणि हातोडीनं टिचकी मारली. तुकडा आडवा सुटला, दोन पदर. मध्ये गुळगुळीत, चकचकीत, कधी एकमेकांना चिकटलेच नव्हते असे. दुसरा घेतला. तसाच.

मी चहा ठेवला. बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. म्हटलं, भाकरीला पापुद्रा सुटला तर सुगरण म्हणतात. याला सुटला तर मढं पडतं.

तो तुकड्याकडं बघत म्हणाला, "आतली हवा बाहेर पडायला टायम पायजे हुता. मीच न्हाई दिला." मग तुकडा रुमालात ठेवत, "साहेब म्हनला काय हुत न्हाई."

मी म्हटलं, आणि मी काय म्हणाले होते? चहा तसाच गार झाला. माफी मागेल असं वाटलं. मागितली नाही. मला ती पाहिजे होती, खोटं कशाला बोलू.

८ ऑक्टोबर, बुधवार

माझ्या नापास रॅकवरच्या प्लेटा जागेवर नाहीत. शोधल्या. पॅकिंगमध्ये, चांगल्यांच्या शेजारी, खोकी तयार. हमीदभाईंनी सांगितलं, जगतापनं स्वतः उभं राहून हलवल्या. मी रॅकवर लाल पट्टी लावली होती ती कचऱ्यात.

सं.ला सांगितलं. तो भट्टीची वेळ लिहीत होता. पूर्ण वेळ, जुनी. म्हणाला, "बरं." एवढंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षर वाईट येतंय.

अकराच्या सुमारास पॅकिंगमधून आवाज. मला वाटलं रॅक पडला. मग परत, परत, परत. पळत गेले. सं. घण घेऊन. भट्टीच्या दुरुस्तीचा मोठा घण, दोन हातांचा. खोकी फाडलेली, प्लेटा जमिनीवर आणि तो एकेकीवर घण घालतोय. डोक्यावरून, पाठ वाकवून. ठिकऱ्या उडून त्याच्याच गालात घुसत होत्या, रक्ताचे ओघळ मानेपर्यंत, त्याला पत्ता नाही. शिवी प्रत्येक घावाला. जगतापला, भट्टीला, स्वतःला. मधूनच एकदा माझं नाव, पण त्याच्यापुढं शिवी नव्हती.

मी थांबवलं नाही. लिहून ठेवते. दारात उभी राहिले आणि मला आनंद झाला, इतका की भीती वाटली. मार, मार, असं मनात. एक-दोनदा तोंडानंपण म्हणाले असेन.

जगताप आला. घणाचा दांडा धरायला गेला, "अरे ए भिकारड्या," म्हणत. सं. म्हणतो, घण निसटून लागला. मी बघितलं. निसटला नाही. सं.नं दांडा हिसकला, एक पाऊल मागं घेतलं आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंधळातपण आला. जगताप खाली बसला, तोंड उघडं, आवाज नाही. सं.नं परत घण उचलला. तेव्हा हमीदभाईंनी मागून कंबरेला मिठी मारली आणि दोघं ठिकऱ्यांवर पडले. हमीदभाईंचं कोपर सोलून निघालं. "संपत, बस कर. बायको बघती," असं म्हणत होते.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि घण सोडला.

पोलीस आले. गाडीत बसताना त्याच्या गालातली एक ठिकरी मी चिमटीत धरून काढली. तो ओरडला नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कोर्टानं कोठडी दिली. सासूबाईंनी काल रात्रीपासून अन्न घेतलं नाही.

दुपारी जगताप घरी. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. दारातच म्हणाला, "वहिनी, आत येऊ का?" आठ वर्षं मॅडम होते. हात मोडल्यावर वहिनी झाले. पाणी दिलं. ग्लास डाव्या हातानं धरताना त्याची फजिती बघून बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

म्हणाला, "जे फुटलं ते फुटलं. ज्या प्लेटा वाचल्या तेवढ्या तरी जाऊ द्या. तुम्ही पूजेच्या पाण्याचं कारण लिहा, मशीनची चूक म्हणून, आणि पास म्हणून सही करा. मी तक्रार मागं घेतो. पाय घसरून हात मोडला म्हणेन. संपत दिवाळीला घरी." आणि नाही केली तर? "मग वहिनी, माझ्या हातात काही नाही. हाच एक हात होता कामाचा." हसला सुद्धा.

उद्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला. परवा सकाळी कागद घेऊन येतो.

तो गेल्यावर सासूबाई. "सही करून टाक, बाई. माजं पोरगं आन." मी म्हटलं, आई, त्या प्लेटा घालून जी पोरं उभी राहणार त्यांना पण आया असतील. त्या म्हणाल्या, "असतील. मला हे एकच हाय." आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्यांचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोलीस ठाण्यात गेले. डबा घेतला नव्हता, नुसती गेले. दारावर एक कोवळा शिपाई. कशाची केस विचारलं त्यानं, सांगितलं. "त्या जाकिटातल्या प्लेटा? आमाला कवा मिळायच्या ताई?" म्हटलं, माहीत नाही. त्याची मान लांब, कॉलर सैल. गळपट्टीची गुंडी तुटलेली.

सं.च्या गालाला पट्ट्या, भुवईवर माझे टाके. माझेच म्हणायचे. समोर बसले. सकाळपासून काय काय बोलायचं ठरवलं होतं. की तू हात उचललास, सड आता इथं. की तू माझ्या स्क्रीनवरच्या चित्रासाठी घण उचललास. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच माणसाला सांगायचं होतं.

त्यानंच विचारलं, "किती राहिल्या?"

म्हटलं, पॅकिंगमधला खालचा रॅक सगळा.

"मी वाकलोच न्हाई खाली," म्हणाला. मग, "आई जेवली का?" म्हटलं, नाही.

मग मी जगतापचं सगळं सांगितलं. पूजेचं पाणी, सही, दिवाळी. तो ऐकत राहिला, नखानं बाकाचा रंग खरवडत. मला वाटलं आता बोलेल. हवालदार वेळ झाली म्हणाले. तो उठला, आणि माझ्या उजव्या गालाकडं बघून म्हणाला, "सूज उतरली." आत गेला.

जगतापला संध्याकाळी काही कळवलं नाही. फोन वाजला, उचलला नाही. उद्या सकाळी तो येणारच.

सं. 'सही कर' म्हणाला असता तर सोपं होतं. मी 'नाही' म्हणाले असते.